लेकीची प्रार्थना आणि सासूबाईंचा प्रश्न

पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी दुपारी साडेबाराला आम्ही जेवायला बसलो होतो. हिवाळ्यात इथले, इंग्लंडातले साडेबारा म्हणजे साताऱ्याकडचे संध्याकाळचे सहा, दिवेलागणीची वेळ. सासूबाईंनी नुकताच तुळशीपाशी दिवा लावला होता आणि फोन डब्याला टेकवून त्या नातीला बघत बसल्या होत्या. मी लेकीला म्हटलं, "हात जोड, आजीला म्हणून दाखव." माझ्या मनात होतं शुभं करोति. पण तिच्या पुढ्यात वाढलेलं ताट होतं, आणि ताटापुढे हात जोडायचे म्हटल्यावर तिला सवयीचं तेच आठवलं. डोळे घट्ट मिटून, एका दमात, तिनं शाळेत म्हणतात ती येशूची प्रार्थना इंग्रजीत अथपासून इतिपर्यंत म्हटली. आमेन म्हणाली आणि वरणभात कालवायला लागली.

पलीकडे काही क्षण नुसता पंख्याचा आवाज. सासूबाई माळकरी आहेत, गेली कित्येक वर्षं आषाढीची वारी चुकवलेली नाही, रोज संध्याकाळी हरिपाठ. त्या चिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे शिकवतात व्हय तिला?" आणि मग हळूच, "तू काही बोलत नाहीस का गं शाळेला?"

मी "नंतर बोलते आई" म्हणून फोन ठेवला. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फोनवर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. ते इथे लिहितेय.

आम्ही राहतो हेरफर्डशरमध्ये. इंग्लंडचा हा पश्चिमेचा काठ, पलीकडे वेल्स. सफरचंदाच्या बागा, वाय नदी, आणि पांढऱ्या तोंडाची तांबडी गुरं, ज्यांना जगभर हेरफर्ड म्हणूनच ओळखतात. नवऱ्याची नोकरी शहरातल्या रुग्णालयात आहे, पण तिथलं भाडं झेपेना म्हणून आम्ही सात मैल आत एका खेड्यात घर घेतलं. गावात एक चर्च, एक पब आणि एक शाळा. शाळेचा पट 54. होय, रिसेप्शनपासून, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गापासून, सहावीपर्यंत मिळून चौपन्न. वर्ग तीन. रिसेप्शन, पहिली, दुसरी एका खोलीत, तिसरी-चौथी दुसऱ्या, पाचवी-सहावी तिसऱ्या. माझ्या माहेरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत एक गुरुजी दोन इयत्तांना एकदम शिकवायचे, तेव्हा आम्ही त्याला गैरसोय म्हणायचो. इथे शिकलेसवरलेले आईबाप ह्याच शाळेत प्रवेश मिळावा म्हणून धडपडतात.

शाळेच्या दारावरच्या दगडात 'नॅशनल स्कूल' असं कोरलंय. पहिल्या दिवशी मला वाटलं, राष्ट्रीय शाळा असेल, सरकारी. तर तसं नाही. 1811 साली गरिबांच्या मुलांना शिकवायला चर्चच्या लोकांनी नॅशनल सोसायटी काढली आणि तिनं गावोगाव अशा शाळा बांधल्या. सरकारचा प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला 1870 मध्ये, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. तोवर खेड्यात शाळा म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्चचीच. आजही इंग्लंडात चर्च ऑफ इंग्लंडच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत, त्यात सुमारे 10 लाख मुलं शिकतात. फी नाही, खर्च सरकारचा. आमच्यासारख्या खेड्यात राहणाऱ्याला दुसरी शाळा हवी असेल तर रोज गाडी काढावी लागते. तेव्हा आम्ही ख्रिस्ती शाळा 'निवडली' असं कुणी म्हणत असेल तर ते अर्धंच खरं आहे. चालत सात मिनिटांवर होती, म्हणून घातली. बाकीचं सगळं नंतर कळलं.

प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिका बाईंनी आम्हाला बसवून घेतलं आणि एक पत्रक पुढे केलं. शाळेत रोज सामूहिक प्रार्थना होते, 1944 पासून सरकारी खर्चानं चालणाऱ्या सगळ्या शाळांना ती कायद्यानं बंधनकारक आहे, आणि ही चर्चची शाळा असल्यामुळे इथली प्रार्थना ख्रिस्ती आहे. तुम्हाला नको असेल तर मुलीला पूर्ण प्रार्थनेतून किंवा तिच्या काही भागातून बाहेर ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण सांगायची गरज नाही, एक चिठ्ठी पुरे. बाई अगदी सरळपणे बोलत होत्या. आग्रह नाही, आढेवेढे नाहीत. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी ती चिठ्ठी लिहिली नाही.

सासूबाईंना सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

आई, मी साताऱ्याच्या ज्या शाळेत शिकले तिथे परिपाठात आम्ही रोज सरस्वतीची प्रार्थना म्हणायचो. दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजा. माझ्या बाकावर एक ख्रिस्ती मैत्रीण होती. तीही माझ्याइतक्याच मोठ्या आवाजात 'या कुन्देन्दुतुषारहारधवला' म्हणायची, प्रसादाचा शिरा खायची, आणि नाताळात मला घरी न्यायची. तिच्या आईला शाळेनं कधी बसवून असं पत्रक दिलं असेल का? आपल्या घटनेतही 28 व्या कलमात लिहिलंय, की अनुदानित शाळेतल्या धार्मिक उपासनेत कुणालाही संमतीशिवाय भाग घ्यायला लावता येत नाही. पण ती संमती कुणी कधी विचारली नाही. आम्हाला कुणालाच तसं सुचलं नाही. तिला आम्ही वेगळं पाडलं नाही हेही तितकंच खरं, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पण इथे त्या खुर्चीत बसल्यावर मला तिची आई आठवली. त्या बाईनं आपली मुलगी आमच्यात पूर्ण मिसळू दिली होती. मला माझी मुलगी परिपाठाच्या वेळी एकटीच वाचनालयात चित्रं रंगवत बसलेली नको होती.

आणि शाळेनं धर्म बदलतो म्हणावं, तर आपल्याच इतिहासात बघा. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं ते अहमदनगरला, सिंथिया फॅरार ह्या अमेरिकन मिशनरी बाईंकडे. त्यातून उभी राहिली 1848 ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा. दोघांनी तिथून विद्या घेतली आणि पुढचा रस्ता स्वतःचा काढला. माझी पोर सहा वर्षांची आहे, तिचा रस्ता ती काढेल. तोवर रोज दहा मिनिटं शांत बसायला शिकतेय.

ती दहा मिनिटं मी पाहिली आहेत. सगळी शाळा हॉलमध्ये जमिनीवर मांडी घालून बसते, लहान पुढे, मोठी मागे. हॉल म्हणजेच व्यायामशाळा आणि तेच जेवणघर, त्यामुळे सकाळीच उकडलेल्या बटाट्यांचा वास येत असतो. एक मूल पुढे येऊन मेणबत्ती लावतं. ही पाळी मिळणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट! आमच्या घरी आदल्या रात्री झोपेपर्यंत तोच विषय असतो. मग एक गाणं, एक गोष्ट, आणि थोडा वेळ पूर्ण गप्प. चौपन्न मुलं, त्यात चार वर्षांची पण, आणि टाचणी पडली तर ऐकू येईल. गोष्ट बायबलातली असते, पण बाई शेवटी विचारतात ते, काल खेळताना कुणी एकटं पडलं होतं का, तुम्ही त्याला बोलावलंत का. दर बुधवारी गावच्या धर्मगुरू येतात. हो, बाई आहेत. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 1994 पासून स्त्रिया धर्मगुरू होऊ लागल्या. त्या सायकलवरून येतात, त्यांना शाळेतल्या प्रत्येक मुलाचं नाव पाठ आहे, आमच्या लेकीचं मराठी नावसुद्धा त्या 'ळ' सकट म्हणतात. 'ळ' यायला त्यांना तीन आठवडे लागले. त्यांनी तो मला विचारून विचारून घोकला.

स्वयंपाकघरातल्या बाईंचंही असंच. पहिल्या तीन इयत्तांना जेवण फुकट आहे, 2014 पासून. मी अर्जात 'बीफ नको' एवढंच लिहिलं होतं. बुधवारच्या भाजलेल्या जेवणावरचा रस्सा बीफच्या अर्कातला असतो हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्या बाईंच्या आलं. त्या दिवसापासून एका छोट्या भांड्यात तिचा रस्सा वेगळा होतो. एका मुलीसाठी. मला हे कळलं ते चार महिन्यांनी, तेही लेक सहज बोलून गेली म्हणून.

आता सगळं गोड गोड लिहितेय असं वाटू नये. ह्याच शाळेमुळे माझ्या आयुष्यातला पहिला दंड मी भरलाय, आणि तो विषय निघाला की अजूनही माझं डोकं तापतं.

गेल्या वर्षी डिसेंबरात माझ्या सख्ख्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मी करवली. हळद, सीमांतपूजन, लग्न, सत्यनारायण, गोंधळ, एवढं सगळं. मी तीन महिने आधी रजेचा अर्ज दिला. उत्तर आलं, अतिशय सौम्य भाषेत, की शाळा सुरू असताना रजा फक्त 'अपवादात्मक परिस्थितीत' देता येते आणि हे कारण त्यात बसत नाही. मी भेटायला गेले. मी सांगितलं की आमच्याकडे लग्न म्हणजे शनिवारी दुपारी दोन तासांचा कार्यक्रम नसतो. मुहूर्त पंचांग बघून निघतो, शाळेचं वेळापत्रक बघून नाही. की एकुलत्या एक मामाच्या लग्नात भाचीनं नसणं म्हणजे काय. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, त्यांचे डोळेही ओले झाले असं मला वाटलं, आणि नाहीच म्हणाल्या. आम्ही गेलो. 2 ते 10 डिसेंबर, शाळेचे सात दिवस. जानेवारीत कौन्सिलचं पत्र आलं. पाच दिवस गैरहजेरी भरली की दंड, तोही आईला वेगळा, बापाला वेगळा. 80 अधिक 80, 160 पौंड, आणि ते 21 दिवसांत भरले तर. उशीर झाला की दुप्पट. तेव्हाच्या भावानं सुमारे 17 हजार रुपये झाले.

पैशाचं मला तितकं नाही. नाताळच्या सुट्टीतली तिकिटं काढली असती तर त्याच्या कितीतरी पट जास्त गेले असते, हे प्रत्येक आईबापाला माहीत आहे आणि तेच सरकारलाही माहीत आहे. मला लागली ती पत्राची भाषा. आपल्या मुलीला 'नियमित हजर ठेवण्यात कसूर' केली, असं त्यात होतं. कसूर! तापातून उठलेल्या पोरीला मी पावसात शाळेत सोडलंय. मामाच्या लग्नात ती पन्नास नातेवाइकांना भेटली, आजोळची भाषा बोलली, अक्षता टाकल्या, रुखवतातले लाडू मोजले, त्याला शिक्षण म्हणायचं नाही, आणि त्याच आठवड्यात वर्गात नाटकाच्या तालमी चालल्या होत्या त्याला म्हणायचं. हे मला पटलं नाही, पटणार नाही. तीन वर्षांत पुन्हा असं झालं तर माणशी 160 पौंड आणि तिसऱ्यांदा थेट कोर्ट. तरीही सांगते, तसंच कुणाचं लग्न पुन्हा निघालं तर मी जाणार.

आणि गंमत बघा, ह्याच नियमात गणेश चतुर्थीला एक दिवस रजा मिळते! धर्मानं ठरवलेला सण असेल तर त्या दिवसाची गैरहजेरी मान्य करावी लागते. 2023 ला मंगळवारी गणपती बसले तेव्हा ह्याच बाईंनी स्वतः मला सांगितलं, अर्ज द्या. आमच्या बाप्पाला ह्या ख्रिस्ती शाळेच्या हजेरीपटावर जागा आहे. मामाला नाही.

इतकं चिडून झाल्यावर एक गोष्ट मात्र मनात टोचते. इथे सकाळी हजेरी झाली आणि मूल दिसलं नाही, की अर्ध्या तासात घरी फोन येतो. रोज, प्रत्येक मुलासाठी. आमच्याकडे ऊसतोड सुरू झाली की मराठवाड्यातल्या गावागावांतून मुलं आईबापांबरोबर बैलगाडीत बसून साखर कारखान्यांच्या फडावर येतात. आमच्या गावच्या शिवारात मी त्यांच्या पाचटाच्या कोप्या पाहिल्यात. ती चार-पाच महिने शाळेबाहेर राहिली तरी त्यांच्यासाठी फोन वाजतो का? आपले कितीतरी गुरुजी स्वतःच्या मोटरसायकलवर जाऊन अशी पोरं शोधून आणतात, हेही मी पाहिलंय, आणि त्यांना सलाम आहे. पण ते त्या माणसांचं मोठेपण.

लग्नाहून परत आलो तेव्हा येशूजन्माच्या नाटकातल्या सगळ्या भूमिका वाटून झाल्या होत्या. मला वाटलं, आता हिला मुद्दाम बाहेर ठेवतील. वर्गशिक्षिका बाईंनी तिच्यासाठी एक मेंढी राखून ठेवली होती. जुन्या बनियनवर कापूस चिकटवलेली. मेंढीला वाक्य नव्हतं, त्यामुळे तालीम लागत नव्हती.

त्याच आठवड्यात ख्रिस्टिंगल झाला. संत्र्याला लाल फीत बांधायची, वर मेणबत्ती खोचायची, आणि चार काड्यांवर मनुका नि गोळ्या टोचून त्या संत्र्यात रोवायच्या. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे येशूचं रक्त, काड्या म्हणजे चार ऋतू, ज्योत म्हणजे तो स्वतः. ही रीत मूळची जर्मनीतल्या मोरावियन पंथाची, 1747 ची. इंग्लंडच्या चर्चमध्ये ती आली 1968 मध्ये, मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला मदत गोळा करायला म्हणून. चर्चमधले दिवे मालवले, सगळ्या मुलींच्या वेण्या मागे बांधल्या होत्या, आणि संत्र्याच्या सालीचा तो वास. मला काकड आरतीची पहाट आठवली. मी रडले, आणि शेजारच्या आजीबाईंनी काही न विचारता खिशातला रुमाल दिला.

ह्या ऑक्टोबरात बाईंनी मला बोलावलं. धर्मशिक्षणाच्या तासाला दिवाळी शिकवायची होती, त्यांच्या पुस्तकात राम-सीता आणि पणत्या होत्या. मी म्हटलं ते आहेच, पण आमच्या महाराष्ट्रातली मुलं दिवाळीत काय करतात ते दाखवू का? शुक्रवारी दुपारी सगळ्या शाळेचा चिखलात खेळायचा तास असतो. खरोखर तसा तास आहे, गमबूट घालून, पाऊस असला तरी. त्या तासाला आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात किल्ला केला.

दगड, विटांचे तुकडे, त्यावर पोतं, त्यावर चिखल. हेरफर्डशरची माती लाल आहे, अगदी कोकणात असते तशी लाल, आणि चिकट. मी त्यांना अजिंक्यतारा सांगितला, महाराजांच्या गोष्टी सांगितल्या. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, आमच्याकडे पण गुडरिचचा किल्ला आहे, तो पण नदीच्या वर आहे, मग ह्याला दोन दरवाजे करूया, एक तुमच्यासारखा, एक आमच्यासारखा. तटबंदी झाली, बुरूज झाले, पायऱ्या आईस्क्रीमच्या काड्यांच्या. माझ्याकडे मावळे नव्हते. त्यांनी खेळण्यातले चिलखतवाले सरदार आणले, आणि एका मुलीनं आपली प्लास्टिकची हेरफर्ड गाय आणून थेट बालेकिल्ल्यावर उभी केली.

किल्ल्यावर पेरायला मी घरचे अळीव नेले होते, माझ्या बाळंतपणातल्या लाडवांपासून सासूबाई दर वर्षी पाठवतात ते. पुडी उघडली तर मदतनीस बाईंनी चिमूटभर हातावर घेतले, ओल्या बोटानं चिकट होतात का पाहिले आणि म्हणाल्या, "हे तर क्रेस!" क्रेस म्हणजे इथलं अगदी घरोघरचं. लहान मुलं अंड्याच्या टरफलात कापसावर ते पेरतात, वर हिरवे केस उगवतात, टरफलावर डोळे-नाक काढतात. मग ते कापून उकडलेल्या अंड्याबरोबर सँडविचमध्ये घालतात. इतकी वर्षं मी दुकानात ती सँडविचं बघत होते आणि ते आपले अळीव आहेत हे मला कळलं नव्हतं. आपण बी खातो, ते पाला खातात, झाड एकच. उरलेले अळीव त्यांनी वर्गाच्या खिडकीत ओल्या कापसावर पेरले. सातव्या दिवशी किल्ला हिरवागार. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी लेक घरी आली ती खिडकीतल्या अळिवांचं सँडविच घेऊन, अर्धं माझ्यासाठी ठेवलेलं.

11 नोव्हेंबरला सगळी शाळा गावातल्या युद्धस्मारकाच्या दगडी क्रुसापाशी गेली. अकराच्या ठोक्याला दोन मिनिटं शांतता, मग सहावीच्या मुलांनी त्या दगडावरची नावं वाचली. एवढंसं गाव आणि पहिल्या महायुद्धातली अकरा नावं, त्यात एकाच आडनावाचे दोघे. परत येताना मी बाईंना आमच्या साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी सांगितलं. त्या एका गावातले 46 जवान त्याच युद्धात कामी आले. बाई चालता चालता थांबल्या. "शेहेचाळीस?" दोनदा विचारलं. दुसऱ्या दिवशी परिपाठात मेणबत्ती लावताना त्यांनी ते गाव मुलांना नकाशावर दाखवलं. उच्चार साफ चुकला, पण दाखवलं.

पुढच्या सप्टेंबरला रिसेप्शनमध्ये फक्त चारच मुलं येणार आहेत. शाळेला पैसा बराचसा मुलांच्या डोक्यामागे मिळतो, त्यामुळे गावात आतापासून काळजी आहे. खेड्यातली शाळा शक्यतो बंद करायची नाही असं इथल्या सरकारी धोरणात लिहिलेलं आहे, तरी लोक त्या भरवशावर बसलेले नाहीत. केक विकून, जुने कपडे विकून, सफरचंदाचा रस काढून वाचनालयाच्या छतासाठी पैसे उभे केले. पबचा मालक, ज्याला मूलबाळ नाही, तो शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहे. माझ्या माहेरच्या शाळेचा पट आता अकरावर आलाय. वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायच्या असं आपल्याकडे 2023 मध्ये निघालं, तेव्हा मी गावच्या ग्रुपवर लिहिलं होतं की काहीतरी करा रे. चौघांनी अंगठे दाखवले. त्यातल्या तिघांची मुलं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. मी कुठल्या तोंडानं बोलणार, माझी तर हेरफर्डशरात जाते. पण गावची शाळा गेली तर काय जातं ते मला इथे राहून जास्त कळायला लागलंय.

हे सगळं मी सासूबाईंना लिहून पाठवणार होते. त्याआधीच काल रविवारी त्यांचाच फोन आला, तीच वेळ, तीच तुळस.

"त्या दिवशीचं परत म्हणायला सांग तिला," त्या म्हणाल्या. "आणि तू मराठीत सांगत जा. मला कळू दे काय म्हणते ती."

लेक हात जोडून बसली. ती एक ओळ म्हणायची, मी अर्थ सांगायचे. मला तो शोधावा लागला नाही. माझ्या त्या मैत्रिणीच्या घरी नाताळच्या जेवणाआधी तिची आई म्हणायची, तेव्हाचा कानात बसलाय.

"हे आमच्या स्वर्गातल्या पित्या, तुझं नाव पवित्र मानलं जावो."

"हं," आई म्हणाल्या. नामाचा महिमा त्यांना कुणी सांगायला नको.

"तुझं राज्य येवो."

"हं."

"आमची रोजची भाकर आज आम्हाला दे."

"भाकर?" त्या एकदम पुढे झाल्या, पडद्यावर नुसतं कपाळ दिसायला लागलं. "भाकरच म्हणतात?"

"हो आई. मराठीत भाकरच आहे."

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी लेकीच्या ताटाकडे बघितलं, काय वाढलंय ते विचारलं. खरंच भाकरीच होती, लेस्टरहून आणलेल्या बाजरीच्या पिठाची, वर लोणी.

"पुढचं मग म्हण म्हणावं," त्या म्हणाल्या. "आधी खा म्हणावं. निवतीया ती."